कापडाच्या गोदामात थ्रेड रॉड कापताना : बॅटरीवरच्या कटरचा वापर आणि निगा

पॉवरलूमचा कारखाना असो, शिलाईचे युनिट असो की कापडाचे गोदाम, छताकडे नजर टाकली की जागोजागी लोखंडी सळया लोंबताना दिसतात. केबल ट्रे, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, हवेचे डक्ट, आग विझविण्याच्या पाण्याचे पाइप, दुकानातील फॉल्स सीलिंग, हे सारे ज्या सळईवर टांगलेले असते तिला बाजारात थ्रेड रॉड म्हणतात. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत आटे पाडलेली सळई. ती लांब मिळते आणि जागेवर मापाप्रमाणे कापावी लागते. आमचा धंदा कापडाचा, लोखंडाचा नव्हे. पण हे कापण्याचे काम आमच्याच छताखाली होते आणि आग लागली तर मालही आमचाच जळतो. म्हणून ही माहिती कारागिराइतकीच मालकालाही हवी.

आपल्याकडची सर्रास रीत म्हणजे ग्राइंडरला कटिंग व्हील लावून सळई कापणे. काम झटपट होते, पण ठिणग्यांचा फवारा उडतो. कापडाच्या जागेत कापसाची मऊ धूळ, जिला कारखान्यात फ्लफ म्हणतात, ती तुळईवर, पट्ट्यावर, मोटारीच्या मागे साचलेली असते. तिच्यात शिरलेली ठिणगी लगेच भडकेलच असे नाही. ती आत धुमसत राहते आणि कारागीर जेवायला गेल्यावर किंवा कुलूप लागल्यावर जाळ दिसतो. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमात अशा कामाच्या भोवती ३५ फुटांपर्यंत जळणारी वस्तू ठेवू नये आणि काम संपल्यावर तासभर राखण करावी, असे सांगितले आहे. भिवंडी किंवा मालेगावच्या दाट वस्तीतील कारखान्यात ३५ फूट मोकळी जागा कोठून आणायची? मे २०२५ मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एम.आय.डी.सी.तील टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसांचा जीव गेला. तिचे कारण काहीही असो, सूत आणि कापड एकदा पेटले की माणसाला बाहेर पडायलाही सवड मिळत नाही, हे सर्वांनी पाहिले.

या अडचणीवर एक साधन आता आपल्या बाजारातही मिळते : बॅटरीवर चालणारा थ्रेड रॉड कटर. मकिता, डीवॉल्ट, मिलवॉकी अशा कंपन्या तो बनवतात. त्याचे काम कात्रीसारखे आहे. तोंडाशी पोलादाच्या दोन डाय असतात आणि त्यांच्या खाचेत सळईच्या मापाचेच आटे कोरलेले असतात. सळई खाचेत बसवून बटण दाबले की एक डाय दुसरीला घासून पुढे सरकते आणि सळई दोन-चार सेकंदांत तुटते. घासणे नाही, म्हणून ठिणगी नाही. शिवाय आटे चेपत नाहीत, त्यामुळे कापलेल्या टोकावर नट लगेच चढतो. मात्र यंत्राच्या मोटारीत आणि बटणात वीज खेळते, हे विसरू नये. थिनर, पेट्रोल किंवा रंगाच्या वाफा कोंडलेल्या खोलीत हे यंत्रही चालवायचे नाही.

या यंत्राचे सारे गणित डाय आणि सळईचे आटे जुळण्यावर आहे. इथेच आपल्या बाजारात घोळ होतो, कारण आपल्याकडे दोन मापे एकत्र नांदतात. जुने कारागीर सुतात बोलतात. आमच्या सुताशी त्याचा संबंध नाही. लोखंडवाल्यांचे एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुताची सळई साडेनऊ मि.मी. जाडीची असते आणि तिला इंचाला १६ आटे असतात. दुसरी १० मि.मी.ची, जिला एम-१० म्हणतात, तिचे आटे दीड-दीड मि.मी.वर असतात. दोन्ही शेजारी ठेवल्या तर डोळ्याला फरक कळत नाही. पण १० मि.मी.च्या डायमध्ये तीन सुताची सळई घातली तर ती नीट बसत नाही, कापताना सरकते, आटे चिरडतात आणि डायचे दातही मोडतात. म्हणून कारागिराने खिशात दोन्ही मापांचा एकेक चांगला नट ठेवावा आणि नवे बंडल सोडले की आधी नट चढवून पाहावा. तीन सुताचा नट १० मि.मी.च्या सळईवर चढत नाही. उलट १० मि.मी.चा नट तीन सुताच्या सळईवर ढिला चढतो, आणि धोका या ढिलाईतच आहे. तो चढला म्हणून कोणी तसाच पाइप टांगला तर वजनाने आटे सरकतात आणि खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावर संकट येते.

दुसरी गोष्ट सळईच्या जातीची. ही यंत्रे साध्या मऊ लोखंडाच्या, म्हणजे एम.एस.च्या सळईसाठी असतात. स्टेनलेस स्टील कापायचे असेल तर यंत्राच्या पुस्तिकेत तशी परवानगी आणि माप पाहावे. ८.८ असा शिक्का असलेला कडक माल, स्लॅबची सळई, बिनआट्यांचा गज किंवा वाकलेला तुकडा यात घालू नये. कडक मालाने डायचा कपचा उडाला तर तो डोळ्याकडेच येतो. चष्मा लावल्याशिवाय बटणाला हात नाही, हा नियम मालकानेच घालावा. कारागीर आपण होऊन लावील याची वाट पाहू नये.

कापताना सळईवरील सिमेंट, रंग, माती ब्रशने काढावी. आटे खाचेत पूर्ण बसले की नाही ते बोटाने नव्हे, डोळ्याने पाहावे. सळई धरलेला हात यंत्राच्या तोंडापासून किमान एक वीत लांब असावा. ही कात्री बोट आणि लोखंड यांत फरक करत नाही. टांगलेल्या सळईचे वाढीव टोक वरच्या वर कापायचे असेल तर तुटणारा तुकडा खाली कोसळतो. खालची जागा मोकळी करावी, लूमवर कोणी बसलेले नसावे, आणि जवळून जिवंत वायर जात असेल तर आधी मेन स्विच बंद करावा. शिडीवर चढताना बटणाला लॉक लावलेले असावे. सळई मध्येच अडकली तर हिसके देऊ नयेत. उलट फिरण्याची सोय असेल तर ती वापरावी, नाहीतर बॅटरी काढून मग हात घालावा.

बॅटरी काढल्याशिवाय डायला हात लावायचा नाही, मग ती बदलायची असो की नुसती पुसायची. रोज काम सुरू करण्यापूर्वी डायचे बोल्ट पान्याने तपासावेत, कारण धक्क्याने ते सैल होतात. दिवसाअखेर खाचेतील लोखंडाचे कण जुन्या टूथब्रशने काढावेत. तोंडाने फुंकर मारू नये, कण डोळ्यात जातात. आपल्या जागेत मोटारीच्या जाळीवर फ्लफही बसतो. तो काढला नाही तर मोटार तापते. प्लास्टिकचे अंग कोरड्या फडक्याने पुसावे. थिनर किंवा रॉकेलने प्लास्टिक तडकते. कापलेल्या टोकावर नट हाताने चढेनासा झाला किंवा टोकाला कोर राहू लागली तर डायची धार गेली असे समजावे. बऱ्याच यंत्रांत डाय फिरवून दुसरी बाजू वापरता येते. बदलताना जोडी एकदमच बदलावी. एक नवी आणि एक झिजलेली डाय ठेवणे ही काटकसर नव्हे.

हे यंत्र प्रत्येकाने विकत घ्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. दुकानात दहा-बारा सळया कापायच्या असतील तर साधा हॅकसॉ पुरेसा आहे. कापण्याआधी सळईवर नट चढवून ठेवावा, कापल्यावर टोकाला कानस मारावी आणि तो नट फिरवत बाहेर काढावा, म्हणजे आटे आपोआप साफ होतात. पाइप आणि डक्ट टांगण्याचे ठेके घेणाऱ्या कारागिराला मात्र हा कटर वेळेच्या बचतीतच परवडतो. मालकाने ठेका देतानाच लिहून घ्यावे की मालाजवळ ग्राइंडर चालणार नाही.

शेवटी बॅटरीबद्दल. ठिणगी टाळायला आणलेले यंत्र बॅटरीच्या हलगर्जीने आग लावू शकते. लिथियमची बॅटरी नट-बोल्टच्या डब्यात किंवा चाव्यांच्या खिशात टाकू नये. दोन टोके जोडली गेली की ती पेटते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली तापलेल्या खोलीत चार्जिंग करू नये, आणि ठाणांच्या थप्पीवर चार्जर ठेवून रात्री दुकान बंद करू नये. चार्जर कंपनीचाच असावा. बॅटरी फुगली, पडून फुटली किंवा पाण्यात भिजली तर ती पुन्हा लावू नये. भंगारातही देऊ नये, कारण भंगारवाला ती हातोड्याने फोडील आणि आग त्याच्या घरी लागेल. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. म्हणून यंत्र घेतानाच दुकानदाराला विचारावे की जुनी बॅटरी कोठे जमा करायची, आणि तो पत्ता बिलावर लिहून घ्यावा.