शाळेच्या संगणकातील फाईल शोधण्याची रीत

शिष्यवृत्तीच्या अर्जास जोडावयाचे निकालपत्रक संगणकात आहे. परंतु ते करणारे शिक्षक बदलून गेले आणि अर्जाची मुदत उद्या संपते, असा प्रसंग अनेक शाळांवर येतो. अशा वेळी एकेक कप्पा उघडीत बसणे व्यर्थ होय.

विंडोजची कळ व 'ई' ही कळ एकत्र दाबली असता फाईल एक्सप्लोरर उघडतो. डावीकडील 'धिस पीसी' निवडून उजव्या कोपऱ्यातील शोधचौकटीत शब्द लिहावा. संपूर्ण नाव आठवत नसल्यास * हे चिन्ह कितीही अक्षरांच्या जागी व ? हे एकाच अक्षराच्या जागी चालते. *निकाल* असे लिहिल्यास नावात मध्येच 'निकाल' असलेल्या फाईलीही हाती येतात.

संगणक पुस्तकामागील सूचीप्रमाणे एक सूची राखून असतो. मात्र ती प्रथमतः डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स अशा नेहमीच्या जागांपुरतीच असते. 'डी' ड्राइव्हमधील फाईलींची नावे सावकाश का होईना सापडतात, पण आतील मजकूर सहसा तपासला जात नाही. 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मध्ये 'मॉडिफाय' दाबून शाळेचा फोल्डर त्या सूचीत घालावा. सूची पूर्ण होण्यास काही तास लागू शकतात. तेव्हा हे काम निकडीच्या दिवसापूर्वीच उरकलेले बरे.

खरी अडचण निराळीच आहे. पूर्वी श्रीलिपीसारख्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर डोळ्यांस देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती बहुधा रोमन व इतर चिन्हेच असतात. युनिकोडमध्ये 'निकाल' लिहून शोधणाऱ्यास तो कदापि सापडावयाचा नाही, आणि फाईल नाहीशी झाली असा समज होतो. फाईलीच्या नावास फाँट नसतो. त्यामुळे अशा फाईलींची नावे बहुतेक रोमन लिपीत दिलेली असतात. ती लिहिताना कोणी 'ए' एकदा घालतो, कोणी दोनदा. यास्तव 'एन', 'आय', 'के' ही अक्षरे, मग * व शेवटी 'एल' असे लिहावे, म्हणजे दोन्ही रूपे सापडतात. देवनागरी ५ व इंग्रजी आकडा हीही संगणकास भिन्न चिन्हेच होत; शोध दोन्ही प्रकारे करावा.

इतकेही करून यादी लांबलचक आली, तर 'डेट मॉडिफाइड' या स्तंभाच्या शीर्षावर टिचकी मारावी. फाईल पेनड्राइव्हवरून उतरवून घेतली तरी शेवटच्या दुरुस्तीची तारीख सामान्यतः बदलत नाही. एप्रिल-मे महिन्यांतील फाईली आधी उघडून पाहाव्यात.