नाममुद्रा आणि सामूहिक कर्तृत्व : नामदेवांच्या गाथेच्या निमित्ताने

संतवाङ्मयाचा विचार करताना ‘प्रक्षिप्त’ ही संज्ञा आपण फार सहजपणे वापरतो. मूळ कवीची एक शुद्ध संहिता होती आणि पुढील लोकांनी तीत भर घालून ती दूषित केली, हे या संज्ञेमागील गृहीत होय. नामदेवांच्या गाथेच्या बाबतीत हे गृहीत कितपत उपयोगी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. प्रथम एक विरोधी उदाहरण पाहू. एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असे अखेरीस बजावले. ज्ञानेश्वरी हा सलग ग्रंथ आहे. त्याला आरंभ, क्रम व समाप्ती आहे. अशा ग्रंथाला संहितारक्षक लाभू शकतो. नामदेवांचे (१२७०–१३५०) अभंग सुटे होते. ते कीर्तनात गाइले गेले, ऐकणाऱ्यांच्या स्मरणात राहिले आणि निरनिराळ्या हातांनी बाडांत उतरवले गेले. या संपूर्ण व्यवहारावर कोणा एकाची सत्ता नव्हती. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याचीही मुद्रा ‘नामा’ हीच असल्याने दोघांच्या रचना एकमेकींत मिसळल्या. १९७० साली महाराष्ट्र शासनाने गाथा प्रसिद्ध केली. परंतु त्यामुळे कर्तृत्वाचा प्रश्न मिटला नाही.

नामदेवांच्या नावावरील एकसष्ट पदे शिखांच्या आदिग्रंथात आहेत. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी त्या ग्रंथाचे संकलन केल्यामुळे तेथील पदांची संख्या स्थिर झाली. एकाच संतकवीचे नाव एका परंपरेत बंदिस्त संहितेत राहिले आणि दुसऱ्या परंपरेत वाढत्या गाथेत, ही गोष्ट तौलनिक अभ्यासास उद्बोधक आहे.

२. नियंता नव्हता म्हणजे नियमन नव्हते, असे मात्र समजू नये. गाथेच्या घडणीत तीन नियामक दिसतात. पहिला छंद. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक येते. ही चौकट सोपी असल्याने ती सर्वांना खुली राहिली. ठाम असल्याने रचना ओळखू येण्याजोगी राहिली. दुसरा नियामक कीर्तन. वारकरी कीर्तनकार स्वतःची रचना निरूपणासाठी घेत नाही; तो संतांचा अभंग घेतो आणि इतर अभंगांची प्रमाणे देतो. टाळकरी ज्या चरणाला साथ देतात आणि श्रोते जो घरी घेऊन जातात, तो टिकतो. तिसरा नियामक मुद्रा. ‘नामा म्हणे’ ही आजच्या अर्थाने स्वाक्षरी नव्हे. आपली रचना कोणत्या परंपरेत उभी आहे, याची ती ग्वाही होय.

परंपरेला स्वतःलाही या सामूहिकतेची जाण होती. पांडुरंगासह नामदेव स्वप्नात आले आणि त्यांनी शतकोटी अभंगांच्या संकल्पातील उरलेली संख्या पूर्ण करण्यास सांगितले, असे तुकारामांनी आपल्या अभंगात म्हटले आहे. या कथेकडे केवळ चमत्कार म्हणून पाहिल्यास तिच्यातील वाङ्मयविचार निसटतो. एकाने आरंभलेले काम तीन शतकांनंतर दुसऱ्याने पुढे न्यावे आणि तरीही ते एकच काम राहावे, अशी कर्तृत्वाची कल्पना तिच्यात आहे.

३. तथापि येथे एक धोका संभवतो. सर्वच समूहाचे, असे एकदा म्हटले की व्यक्ती अदृश्य होते. ही हानी सर्वांची सारखी होत नाही. ज्यांचा आवाज आधीच दबलेला, त्यांची ती अधिक होते. जनाबाईंचे अभंग दीर्घकाळ नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने वावरले. ‘दासी जनी’ या मुद्रेमागे एकच स्त्री होती की तिच्या नावाने बोलणाऱ्या अनेक जणी, हे प्रत्येक अभंगाबाबत ठरवता येत नाही. म्हणून हा प्रश्नच टाकून देणे मात्र योग्य नव्हे. दळण-कांडणात देवाला सोबती करणारी ती दृष्टी विशिष्ट श्रमातून आलेली आहे. ‘परंपरा’ या मोघम शब्दात ती विरघळू देता कामा नये.

४. सारांश, अध्यापनात दोन प्रश्न वेगळे ठेवावयास हवेत. हा अभंग कोणी रचला, हा पहिला. तो कोणी, कशासाठी जपला, हा दुसरा. पहिल्यासाठी हस्तलिखिते, भाषारूपे व कालविपर्यास यांची चिकित्सा अपरिहार्य आहे. परंतु एखादा अभंग चौदाव्या शतकातील नाही असे सिद्ध झाले, तर तो पाठ्यक्रमातून वगळण्याचे कारण उरत नाही. तो ज्या शतकाचा आहे त्या शतकाची साक्ष म्हणून नव्याने वाचावा लागतो. ‘प्रक्षिप्त’ हा शब्द अभ्यासाच्या अखेरीस निकाल म्हणून उच्चारण्याऐवजी आरंभी प्रश्न म्हणून उच्चारला, तर नामदेवांची गाथा आपल्याला अधिक काही सांगू शकेल.