गाडीचे तेल घरी बदलताना



घर्षणाचा धडा शिकविताना आम्ही एक प्रश्न हटकून विचारतो. सायकलच्या साखळीला तेल आपण डोळ्यांदेखत घालतो. मोटारीच्या इंजिनातले तेल कुठे असते? निम्मा वर्ग सांगतो, "पेट्रोलमध्ये मिसळतात." ज्यांच्या घरी आजोबांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर आहे त्यांचे उत्तर आम्ही चूक म्हणत नाही, कारण त्या गाडीत खरोखर तसेच असते. मोटारीत मात्र तेल वेगळे राहते, इंजिनाच्या तळाशी एका कुंडात, आणि ते वेळच्या वेळी बदलावे लागते. हे काम घरी होऊ शकते. आम्ही आमच्या जुन्या मारुती ८०० चे तेल बरीच वर्षे स्वतःच बदलत आलो आहोत. यंदा काही पालकांनी त्याबद्दल विचारले, म्हणून हा लेख.

आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. पुस्तकात 'स्नेहक' आणि 'श्यानता' होते. घरी आई शिवणयंत्राला तेल देताना 'वंगण' म्हणे. दोन्ही एकच, हे आम्हाला कॉलेजात गेल्यावर उमगले! येथे आम्ही आईचाच शब्द वापरतो, आणि श्यानतेला साधे दाटपणा म्हणतो.

इंजिनातला क्रँक दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो. तो ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, त्यांना तो चालू इंजिनात जवळजवळ टेकतच नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा केसाहून पातळ थर असतो. पंप तेल पुरवीत राहतो आणि दांड्याच्या फिरण्यानेच तो थर टिकतो. थर तुटला की धातूवर धातू घासतो आणि इंजिन काही मिनिटांत निकामी होऊ शकते. शिवाय तेल उष्णता वाहून नेते आणि काजळी स्वतःत धरून ठेवते. म्हणून तेल काळे दिसले की ते वाईटच झाले असे समजू नये. काळे होणे हे त्याचे कामच आहे. बदलण्याची वेळ रंगावरून न ठरविता गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावी. पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात; जे आधी येईल ते धरावे. "आमची गाडी फक्त घर ते शाळा चालते" असे म्हणणाऱ्या पालकांनी विशेष लक्ष द्यावे. तीन-चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे तेलात उतरलेली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही. अशा गाडीचे तेल कमी चालूनही लवकर बिघडते.

डब्यावर '५ डब्ल्यू-३०' असे काही लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा. इंदूरच्या उन्हाळ्यासाठी अधिक दाट तेल घालावे असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. आम्ही तो मानत नाही. पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच घालावे, आणि डबा ओळखीच्या दुकानातून, सील तपासून घ्यावा. नवी गाडी वॉरंटीत असेल तर हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच करू द्यावे.

सामान थोडे आहे: तेल (लहान पेट्रोल गाड्यांना साधारण ३ लिटर, नेमका आकडा पुस्तिकेत), नवा फिल्टर, ड्रेन प्लगचे नवे वॉशर, मापाचा रिंग पाना, पसरट तसराळे, नरसाळे, चिंध्या आणि रबरी हातमोजे. हातमोजे शोभेसाठी नाहीत. वापरलेले तेल वारंवार कातडीला लागणे घातक असते.

आता सर्वांत महत्त्वाचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. जॅक हा चाक बदलण्यासाठी आहे, तो घसरतो. विटाही चालणार नाहीत, त्या अचानक फुटतात. लोखंडी जॅक स्टँड किंवा चढण्याचे मजबूत रॅम्प घ्यावेत, जमीन सपाट व पक्की असावी, हँडब्रेक ओढलेला असावा, जमिनीवर राहिलेल्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. हे जमत नसेल तर गाडी मिस्त्रीकडे न्यावी, त्यात कमीपणा नाही. विद्यार्थ्यांनी गाडीखाली जायचे नाही; बाहेर उभे राहून बॅटरी धरावी आणि पाने द्यावेत. हेही शिकणेच आहे.

इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे. कोमट तेल लवकर वाहते. पण लांबून आलेल्या गाडीला हात लावू नये, भाजते. वरचे तेलाचे ढक्कन उघडावे, खाली तसराळे ठेवून ड्रेन प्लग सोडावा. प्लग इंजिनाचाच आहे ना, हे दोनदा पाहावे. शेजारच्या गिअरबॉक्सलाही तसाच प्लग असतो, आणि गडबडीत तेथले तेल सोडून देणारे कमी नाहीत. तेल दहा-पंधरा मिनिटे निथळू द्यावे, मग नवे वॉशर घालून प्लग आधी हाताने फिरवावा, पाना नंतर. जोर बेताचा लावावा; कुंडाचे आटे गेले तर सगळे कुंडच बदलण्याची पाळी येऊ शकते.

फिल्टरची गोष्ट आम्ही जरा सविस्तर सांगतो, कारण तेथे आम्ही स्वतः फसलो. २०११ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही जुना फिल्टर काढला, नव्याच्या रबरी कडीला शिकविल्याप्रमाणे तेलाचे बोट लावले आणि बसविला. जुन्याची कडी इंजिनालाच चिकटून राहिली आहे, हे पाहिले नाही. दोन कड्या एकावर एक बसल्या. खाली वाकून न पाहता आम्ही गाडी बाहेर काढली. पलासियाच्या पुढे गेल्यावर तेलाचा लाल दिवा लागला. घर जवळच आहे, असा विचार करून आम्ही गाडी तशीच रेटली. अर्ध्या किलोमीटरने इंजिनातून ठकठक येऊ लागली. मागे रस्त्यावर काळी रेघ पडली होती. त्या महिन्याचा पगार इंजिनाच्या कामात गेला, आणि वर्गात घर्षण शिकविणारा मास्तर महिनाभर सिटी बसने शाळेत आला.

तेव्हापासून जुना फिल्टर काढल्यावर आम्ही त्याच्या तोंडावर कडी आहे की नाही हे आधी बघतो, आणि इंजिनाची बैठक चिंधीने पुसून बोट फिरवितो. नवा फिल्टर हातानेच बसवावा: कडी टेकल्यावर पाऊण फेरा, किंवा डब्यावर लिहिले असेल तितका. मग मापापेक्षा थोडे कमी तेल नरसाळ्याने घालावे, ढक्कन लावावे, इंजिन सुरू करावे. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास लगेच बंद करावे. दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून, बाहेरूनच, प्लग व फिल्टरकडे बॅटरीने पाहावे. बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी आणि काढून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवे. खुणेच्या वर भरू नये. जास्त तेल क्रँक दांड्याने घुसळून फेसाळते, आणि फेसाने वंगण होत नाही. चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, घर समोर दिसत असले तरी.

राहिले तसराळ्यातले काळे तेल. ते नालीत ओतणाऱ्यांना आम्ही पाहिले आहे. आपल्या शहरातून वाहून जाणारे पाणी कान्ह नदीत जाते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी वाहणारी हीच नदी पुढे उज्जैनला त्रिवेणीजवळ क्षिप्रेला मिळते, आणि तेथून खाली रामघाटावर आपल्यापैकी कित्येकांच्या घरचे लोक स्नानाला जातात. तेलाची पातळ साय पाण्यावर दूरवर पसरते. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून किंवा कुत्र्याच्या खरजेवर हे तेल लावण्याची पद्धत आहे, तीही सोडावी. चाटल्याने जनावर आजारी पडते. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे धोकादायक कचऱ्यात मोडते आणि योग्य कारखान्यात शुद्ध करून पुन्हा वापरता येते. पाणी, रॉकेल किंवा ब्रेक ऑइल न मिसळता ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. जुना फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळावा. दोन्ही वस्तू अधिकृत रिसायकल करणाऱ्यांना तेल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे पोहोचवाव्यात. नव्या तेलाचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडावे. नाहीतर त्यातच बनावट तेल भरून कोणाला तरी विकले जाते.

पैसे किती वाचतात, असे विश्वस्त मंडळातून विचारले गेले. मजुरीपुरतेच, फार नाही. पण गाडीखालून काय गळते, कुठला बोल्ट ढिला आहे, हे मालकाला कळू लागते.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही मागच्या अंगणात आमच्या गाडीचे तेल बदलणार आहोत. नववी व त्यापुढील विद्यार्थ्यांनी पालकांसह यावे. पांढरा गणवेश घालून येऊ नये. ज्यांच्या घरी जुने तेल डब्यात भरून ठेवलेले असेल त्यांनी ते सोबत आणावे; सोमवारी आम्ही सर्व डबे एकत्र पोहोचवू.