रिमोट, मामा आणि साडेतेरा मिलिसेकंद

आधीच कबूल करून टाकतो. कॉमन रूमच्या टीव्हीचा रिमोट मी बिघडवला होता. गेल्या सेमिस्टरला ज्यांनी ज्यांनी त्यापायी एकमेकांवर संशय घेतला, त्या सगळ्यांची माफी मागून हा लेख सुरू करतो.

झालं असं, की मिनी प्रोजेक्टसाठी मला रिमोटचा सिग्नल बघायचा होता. रात्री कॉमन रूम बंद व्हायच्या वेळी रिमोट खिशात टाकला आणि रूमवर आणला. वरच्या कॉटवर बसून उलटसुलट करून बघत होतो, तेवढ्यात हातातून निसटला आणि थेट फरशीवर आपटला. फुटला नाही, चरासुद्धा गेला नाही. पण मेला. सकाळी कोणी उठायच्या आत जागच्या जागी नेऊन ठेवला आणि लेक्चरला निघून गेलो.

आपला टीव्ही सगळ्यांना माहीत आहे. असेम्बल केलेला, कंपनीचा स्टिकर कधीच निघालेला, पॅनेलवरची बटणं एका पावसाळ्यात गेलेली. लाईट जाऊन आली की तो स्टँडबायवर जातो आणि रिमोटशिवाय उठत नाही. त्या दिवशी दुपारी लाईट गेली. संध्याकाळी मॅच होती. पुढचं सांगायला नको. रात्री रेक्टर सरांनी कॉमन रूमचा ताबा ज्यांच्याकडे आहे त्या मामांना बोलावलं आणि सांगितलं, की वस्तू तुमच्या ताब्यात होती, भरपाई पगारातून कापली जाईल. मी दारातच उभा होतो. तोंडातून शब्द फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी मामाच रिमोट घेऊन बाजारात जाऊन आले. दुकानदाराने तसेच दिसणारे चार रिमोट काढून दिले, एकही चालला नाही. इथेच पहिली गोष्ट शिकण्यासारखी आहे. रिमोटचा खोका आणि रिमोटचा कोड यांचा एकमेकांशी संबंध नसतो. एकाच साच्यातल्या खोक्यात वेगवेगळ्या आयसी बसवतात. युनिव्हर्सल रिमोटला तरी काय कळतं? त्याच्या पोटात कंपन्यांच्या कोडची यादी असते आणि आपण तीन-चार आकडी नंबर देऊन त्यातली एक ओळ निवडतो. आमच्या विंगमध्ये एकाच्या मोबाईलला इन्फ्रारेड आहे, त्यातलं ॲपही तसंच. यादीत नाव नसलं की खेळ खलास, आणि आपल्या टीव्हीला नावच नाही.

मग काही मित्रांनी सुचवलं, सगळे कोड एकेक करून पाठवू. हिशोब करून बघा. स्वस्त टीव्हींमध्ये सर्रास आढळणाऱ्या एनईसी पद्धतीत ३२ बिट्स असतात, पण त्यातली निम्मी नुसती उलट प्रत असते. खरी माहिती १६ बिट्सची, म्हणजे ६५,५३६ शक्यता. दर १०८ मिलिसेकंदांना एक पाठवला तर दोन तासांच्या आत सगळे संपतात. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत तर ५ बिट पत्ता आणि ६ बिट आज्ञा, म्हणजे फक्त २,०४८. चार मिनिटांचं काम! ऐकायला भारी वाटतं, पण या फैरीत एखादा कोड टीव्हीच्या सर्व्हिस मेनूचा निघाला आणि पुढच्याने आतली सेटिंग बदलली, तर रिमोटसोबत टीव्हीही गेला. मामांच्या पगारावर आणखी एक बोजा. मी नको म्हटलं.

शेवटी रिमोटच उघडला. रिमोट मेलाय की नाही हे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून कळतं, बरं का. एलईडी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचं. चालू असेल तर जांभळट-पांढरी लुकलुक दिसते. मागच्या कॅमेऱ्यात कधी कधी फिल्टरमुळे दिसत नाही, पुढच्यात बघा. आमच्यात काहीच नव्हतं. सेल नवे, एलईडी ठीक. उरला तो दोन पायांचा छोटा ठोकळा, सिरॅमिक रेझोनेटर. पडलेल्या रिमोटमध्ये बहुतेक वेळा हाच जातो, कारण आतली सिरॅमिकची चकती काचेसारखी तडकते. लॅबच्या भंगाराच्या डब्यात एक जुना रिमोट होता. त्यातला रेझोनेटर काढून इथे लावला. टीव्ही सुरू झाला! सोल्डरिंग गनला नमस्कार केला आणि झोपलो.

पण काम झालेलं नव्हतं. रिमोट चालायचा फक्त टीव्हीच्या पुढ्यात, चार-पाच फुटांवरून. मागच्या बाकावरून, कॅरमच्या टेबलाजवळून ढिम्म. पोरं खुर्चीवरून ओरडणार, "मामा, आवाज!", आणि मामा गुडघ्यावर हात टेकत उठणार, टीव्हीपर्यंत जाणार, बटण दाबून परत येणार. मी म्हटलं, "मामा, मी करतो." तर म्हणाले, "असू दे रे बाळा, चालतंय की." मला ते बघवेना.

आता आर्डुइनो घेऊन तयार लायब्ररी टाकली असती, तर मिनिटभरात कोड हातात आला असता. आर्डुइनो ग्रुपमधल्या दुसऱ्याकडे होता, म्हणून नाइलाजाने मी जुनी वाट धरली, आणि नंतर लक्षात आलं की ते बरंच झालं. लॅबच्या डेस्कटॉपला मागे निळा लाइन-इन सॉकेट आहे. तीन पायांचा टीएसओपी १७३८ हा रिसीव्हर घेतला. यूएसबीच्या ५ व्होल्टवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून त्याला सप्लाय दिला. आउटपुट १०० किलोओहम आणि १० किलोओहमच्या डिव्हायडरमधून लाइन-इनला, म्हणजे साउंड कार्डकडे अर्ध्या व्होल्टच्या आतच जातं. एक इशारा: १७३८चे पाय ग्राउंड, सप्लाय, आउटपुट अशा क्रमाने आहेत, त्याच कंपनीच्या ३८२३८चे आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. डेटाशीट न बघता लावाल तर हात पोळेल. माझा पोळला.

रिमोटचा एलईडी सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणजे ट्यूबलाइट आणि उन्हापासून त्याला वेगळं ओळखता येतं. रिसीव्हर ही लुकलुक गाळून टाकतो आणि फक्त 'चालू' आणि 'बंद' एवढंच बाहेर देतो. म्हणून ४४,१०० सॅम्पलचं साधं साउंड कार्ड पुरतं. ऑडॅसिटीत रेकॉर्ड केलं, बटण दाबलं आणि झूम करून बघितलं. आधी एक लांब तुकडा, मग थोडी मोकळी जागा, मग ठिपक्यांची रांग. सपाट भाग साउंड कार्डाच्या कपॅसिटरमुळे उतरते दिसतात, तिकडे लक्ष द्यायचं नाही. कडा मोजायच्या.

एनईसीचा नियम असा. सुरुवातीला ९ मिलिसेकंद चालू, ४.५ बंद. मग प्रत्येक बिटला ०.५६२५ मिलिसेकंद चालू. त्यापुढे तेवढीच बंद वेळ असेल तर शून्य, तिप्पट असेल तर एक. नवखा माणूस इथे चालू भाग मोजायला जातो आणि फसतो, कारण रिसीव्हर चालू भाग स्वतःच थोडा लांबवतो नाहीतर तोकडा करतो. एका ठोक्याच्या सुरुवातीपासून पुढच्या ठोक्याच्या सुरुवातीपर्यंत मोजा, ही चूक आपोआप कटते. तसं मोजलं की सुरुवात १३.५ मिलिसेकंद, शून्य १.१२५ आणि एक २.२५. सॅम्पलमध्ये अनुक्रमे ५९५, ५० आणि ९९.

माझे आकडे आले ५६४, ४७ आणि ९४.

आधी वाटलं, मोजायला चुकलो. पाच बटणं मोजली, तेच. एनईसीत आणखी एक गंमत आहे. उलट प्रतीमुळे ३२ बिट्समध्ये नेहमी सोळा शून्य आणि सोळा एकच असतात, त्यामुळे प्रत्येक बटणाची लांबी सारखी भरते: साडेतेरा अधिक चोपन्न, साडेसदुसष्ट मिलिसेकंद. माझी सगळी बटणं ६४वर संपत होती. म्हणजे चूक माझ्या हातात नव्हती, पुरा रिमोटच घाईत होता. ५९५ भागिले ५६४ केलं, १.०५५ आलं. हा आकडा कुठला, यावर एक रात्र गेली. सकाळी दात घासताना सुचलं आणि ब्रश तोंडात ठेवूनच रिमोट उघडला. रेझोनेटरवर बारीक अक्षरात ४८० छापलेलं होतं. मूळच्या तडकलेल्यावर ४५५. ४८० भागिले ४५५, १.०५५!

रिमोटची आयसी रेझोनेटरच्या फ्रिक्वेन्सीला १२ने भागून लुकलुक तयार करते. ४५५ किलोहर्ट्झला भागलं की ३७.९ येतात, ज्याला आपण ३८ म्हणतो. ४८०ला भागलं की ४०, जी सोनीची पद्धत. माझा भंगारातला रिमोट त्या जातीचा असणार. टीव्हीतला रिसीव्हर ३८ला जुळवलेला, त्याला ४०चा आवाज दबका ऐकू येतो, म्हणून जवळून चालायचं आणि लांबून नाही. वेळेतला साडेपाच टक्के फरक टीव्हीने खपवून घेतला. आर्डुइनोच्या लायब्ररीनेही घेतला असता. ती २५ टक्क्यांपर्यंत सूट देते. तिने मला बरोबर कोड दिला असता आणि बिघाड मात्र झाकून ठेवला असता. वर छापलेला आकडा आधीच वाचला असता तर एवढं रामायण झालंच नसतं, ते वेगळं.

त्याच दिवशी रेक्टर सरांकडे गेलो आणि पहिल्यापासून सांगितलं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे त्याच रात्री सांगायला काय झालं होतं?" याला उत्तर नव्हतं. भरपाई माझ्या डिपॉझिटमधून वळती झाली, मामांचा पगार वाचला. खाली येऊन मामांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं. त्या रात्री शेवटचा तूच निघालास ना." मी विचारलं, मग सरांना का नाही सांगितलंत? ते नुसते हसले आणि चहा आणायला पाठवलं.

आता कोड वाचायचं राहिलं. पॉवरचं बटण असं निघालं: ०१००००००, मग त्याची उलट प्रत १०१११११, छे, छापताना एक बिट सुटायला नको: १०१११११११ नव्हे, १०११११११. मग ०१००१०००, आणि त्याची उलट १०११०१११. (बघा, उलट प्रत कशासाठी ठेवलीय ते. हाताने उतरवताना माझी अशीच गडबड होते आणि प्रत जुळली नाही की लगेच कळतं.) एनईसीत सगळ्यात कमी किमतीचं बिट आधी येतं, म्हणून ०१००००००ची किंमत ६४ नाही, २. आज्ञेची किंमत २ अधिक १६, म्हणजे १८. एखाद्या तक्त्यात हाच कोड हेक्समध्ये ४० आणि ४८ असा दिसला तर गोंधळू नका, त्यांनी उलट्या बाजूने वाचलेलं असतं. आवाजाच्या बटणांचं रबर झिजलेलं होतं. तिथे रिमोट उघडून पट्टीवरचे दोन कार्बनचे ठिपके सेलफॉइलच्या तुकड्याने जोडले आणि कोड घेतला.

राखीव म्हणून मी शिकणारा, म्हणजे लर्निंग रिमोट आणला. पण तो पोपट आहे, जे ऐकवाल तेच बोलतो. माझा ४० किलोहर्ट्झचा रिमोट त्याच्यासमोर धरला असता तर त्याने चुकीसकट पाठ केलं असतं. म्हणून आर्डुइनो परत मिळाल्यावर त्यातून पत्ता २ आणि प्रत्येक आज्ञा बरोबर वेळेत, ३८वर पाठवली आणि लर्निंग रिमोटला ती शिकवली. शिकवताना बटण दाबून धरायचं नाही. धरलं तर एनईसी पूर्ण कोड पुन्हा न देता नुसता 'परत तेच' असा छोटा इशारा देते आणि पोपट तोच पाठ करून बसतो. आरसी-५वाल्यांना दुसरा त्रास: तिथे प्रत्येक दाबाला एक टॉगल बिट उलटतं. शिकलेल्या रिमोटमध्ये ते गोठलं की ११ नंबरचं चॅनल लावताना दोनदा दाबलेला १ टीव्हीला एकदाच दाबल्यासारखा वाटू शकतो. एसीच्या रिमोटच्या वाटेला तर या पद्धतीने जाऊच नका. तो 'एक डिग्री वाढव' असं सांगत नाही. तापमान, मोड, पंखा सगळं मिळून एक लांबलचक संदेश दर वेळी पाठवतो.

मूळ रिमोटमध्ये ४५५चा रेझोनेटर बसवला. तो आता कॅरमच्या टेबलामागूनही चालतो आणि मामांच्या ड्रॉवरमध्ये असतो. लर्निंग रिमोट बाहेर टेबलावर असतो. सगळ्या आज्ञांचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. त्यात स्लीप टायमरची जागा रिकामी आहे, कारण त्या बटणाखालची पट्टीच तुटलेली निघाली. कोणाला तो आकडा सापडला तर पेन तिथेच दोरीला बांधलेलं आहे.