सगळ्यात जवळची तारीख

पोरी, आता तू चार्टर कंपनीत रुजू होणार. एअरलाइनमध्ये पायलटच्या मेडिकलची, म्हणजे वैद्यकीय दाखल्याची, तारीख सांभाळायला एक आख्खं खातं असतं. खाजगी जेटच्या धंद्यात ते खातं म्हणजे तू स्वतः. म्हणून मामाच्या चार गोष्टी आत्ताच ऐकून ठेव.

पहिली गोष्ट, जी तारीख सगळ्यात आधी संपते ती आपली धरायची. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ॲनेक्स 1 प्रमाणे, म्हणजे लायसन्सच्या नियमांप्रमाणे, व्यावसायिक वैमानिकाचं क्लास 1 मेडिकल 12 महिने चालतं. चाळिशी उलटल्यावर प्रवासी घेऊन एकट्यानेच व्यावसायिक उड्डाण करायचं असेल तर 6 महिने. साठीनंतर सरसकट 6. मालक हौसेने स्वतःचं विमान स्वतः उडवत असेल तर त्याला क्लास 2 पुरतं, चाळिशीच्या आत 60 महिने, पुढे 24. फक्त त्याच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग असेल, आणि जेटला ते लागतंच, तर कानाची परीक्षा त्यालाही क्लास 1 चीच. त्यात अमेरिकेचं मेडिकल महिनाअखेरपर्यंत धरतात, आणि ॲनेक्स 1 मुदत मोजतो ती तपासणीच्या दिवसापासून. शेजारच्या सीटवरच्याची तारीख पाहून आपली गृहीत धरू नकोस.

दुसरी गोष्ट, विमानाच्या शेपटीजवळची अक्षरं वाच. 1944 च्या शिकागो कराराचं 32 वं कलम सांगतं, की आंतरराष्ट्रीय उड्डाणात वैमानिकाचं लायसन्स विमान ज्या देशात नोंदलं आहे त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं हवं. ‘व्हीटी’ म्हणजे भारताची नोंदणी असेल तर आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं. उद्या कुणी ‘एन’ म्हणजे अमेरिकी नोंदणीचं जेट उडवायला बोलावलं, तर आपलं लायसन्स भारतातल्या भारतात चालेल, पण दुबईला निघालीस की अमेरिकेचा कागद लागेल. केमन किंवा आइल ऑफ मॅनच्या नोंदणीवर व्हॅलिडेशन, म्हणजे आपल्या लायसन्सला मान्यता, मिळतं, पण ते मूळ लायसन्स-मेडिकलच्या जिवावर. मूळ संपलं की तेही संपलं.

घरच्यापुरते कागदही ओळखायला शीक. अमेरिकेचं बेसिकमेड, युरोपचं हलक्या विमानांच्या लायसन्सचं एलएपीएल मेडिकल, ब्रिटनमध्ये स्वतःच भरून द्यायचं आरोग्यपत्र, ही सगळी आयकाओच्या मापात बसत नाहीत. बेसिकमेड बहामासारखा एखादा देश चालवून घेतो, पण त्यात 18,000 फुटांच्या वर जाता येत नाही. जेटवाल्याला त्याचा काय उपयोग? एखादा मालक ‘माझ्याकडे मेडिकल आहे’ म्हणाला, तर कुठलं ते विचार.

तिसरी गोष्ट, तारखेखालचे शेरे वाच. पॅरिसच्या ल बुर्जेला उतरलीस आणि विमानाशीच येऊन कागद तपासणारा रॅम्प चेकवाला आला, की तो लायसन्स घेतो, मेडिकल घेतो आणि शेऱ्यांच्या रकान्यावर बोट ठेवतो. तिथे चष्म्याचा शेरा असेल तर आधी तुझ्या नाकाकडे बघतो आणि मग विचारतो, दुसरा कुठाय? जादा चष्मा हाताशी हवा, होल्डमधल्या बॅगेत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असलीस तरी चष्मा सोबत लागतोच. आणि गॉगल पोलराइज्ड घेऊ नकोस, कॉकपिटचे स्क्रीन काळे दिसतात. दुसरा शेरा सहवैमानिकाचा. ‘सोबत पात्र पायलट असेल तरच’ असं लिहिलेल्याने सायटेशन सीजे किंवा फेनॉमसारखं छोटं जेट एकट्याने उडवायचं नाही, विमान एका पायलटसाठी प्रमाणित असलं तरीही.

चौथी गोष्ट, तारीख आपल्या सोयीने बसव. डिसेंबरात आणि निवडणुकांच्या दिवसांत चार्टरला उसंत नसते. पावसाळ्यात काम जरा सैल असतं, तेव्हा मेडिकल आटोपून घे. को-पायलटचं आणि तुझं एकाच महिन्यात येऊ देऊ नकोस, एक जण ‘टेम्पररी अनफिट’ झाला तर दुसरा तरी हाताशी राहील. युरोपचं मेडिकल संपण्याआधी 45 दिवसांच्या आत केलं तर जुनीच तारीख पुढे चालते, ती सवलत वापर. कानाच्या तपासणीला उड्डाणावरून थेट जाऊ नकोस. इंजिनाच्या आवाजाने कान तात्पुरते बधिर होतात आणि आलेख उगाच खराब येतो.

आता खाण्यापिण्याचं. तुझी आई दिवाळीला डबाभर अनारसे देईल, पण ड्यूटीच्या दिवसांत त्याला हात लावू नकोस. वरची खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातली, आणि 31 जानेवारी 2022 पासून डीजीसीएच्या नियमाने पायलटांची अचानक होणारी जी मादक द्रव्यांची तपासणी आहे, तिच्यात अफूजन्य द्रव्यंही शोधतात. दुबईला तर खसखस बाळगणंच गुन्हा आहे, तेव्हा डबा घरीच ठेव. कोडीनवाली खोकल्याची औषधं त्याच वर्गातली. होमिओपॅथीच्या थेंबांत आणि माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, आणि आपल्याकडे ब्रेथ ॲनलायझरला शून्याच्या वर काही चालत नाही. मेडिकलच्या दुकानातून काहीही उचलण्याआधी आपल्या एव्हिएशनच्या डॉक्टरला फोन कर.

पाहुण्यांना मालदीवला सोडून दोन दिवस थांबायचं असेल तर समुद्रात बुडी मारायचा मोह होणारच. परतीच्या आधी पूर्ण 24 तास हातात असतील तरच मार. रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे होऊन सांध्यांत अडकतो.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी सांगतो. शरीर बिघडल्याचं कळत असताना उडायचं नाही, खिशातलं मेडिकल चालू असलं तरी, हेही ॲनेक्स 1 मध्येच आहे. सर्दीने कान बंद झाले, तर तुझी तारीख आज संपली, कागदावर सहा महिने शिल्लक असोत. एअरलाइनमध्ये स्टँडबाय पायलट असतो. इथे मागच्या सीटवर मालक बसलेला असतो आणि ‘एवढ्याशा सर्दीने काय होतं?’ म्हणतो. म्हणून नकार रात्रीच कळवायचा. रात्री दहाला सांगितलंस तर ऑपरेशन्सवाला दुसरा पायलट उभा करतो. सकाळी सहाला विमानाशी उभी राहून सांगायची वेळ आणलीस, तर तुझ्या तोंडून ‘नाही’ निघणारच नाही.