‘हॅव बीन’ची भीती : इंग्रजी काळांचा सराव



मागच्या हिवाळ्यात आम्ही दुबईत भाच्याकडे महिनाभर मुक्कामास होतो. तेथे आपल्याच समाजातील एका तरुणाची हकिकत कानी आली. निवृत्त झालो तरी हातातला खडू सुटत नाही, म्हणून हा पाठ.

हा मुलगा सहा वर्षे शारजात एका कचेरीत नोकरीला होता आणि अजूनही आहे. दुसऱ्या एका जागेसाठी अर्ज करताना त्याने लिहिले, ‘आय वर्क्ड इन शारजा फॉर सिक्स इयर्स.’ वाचणाऱ्याने सरळ अर्थ घेतला की नोकरी सुटली. केव्हा सोडली, का सोडली, अशी विचारणा आली. खुलासा पोहोचेपर्यंत जागा भरली गेली होती. मुलगा कामात चोख, पण आडवा आला तो भूतकाळ. लिहायला हवे होते, ‘आय हॅव बीन वर्किंग इन शारजा फॉर सिक्स इयर्स.’ “सर, ते ‘हॅव बीन’ नेहमी चुकते, म्हणून टाळले,” असे तो आम्हाला म्हणाला.

चुकते ते का, हे आधी पाहू. मराठीत आपण ‘मी दहा वर्षे इथे राहतो’ असे साध्या वर्तमानकाळात म्हणतो. हिब्रूतही तेच. ‘अनी गार पो क्वार एसेर शानीम’ म्हणजे शब्दशः ‘मी राहतो येथे आधीच दहा वर्षे’. शिवाय ‘अनी गार’मध्ये राहतो आणि राहत आहे, दोन्ही आले. त्यामुळे इस्राएलात वाढलेली मुले आणि मुंबई-ठाण्याहून आखातात आलेली मुले, दोघेही एकाच खड्ड्यात पडतात आणि ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ असे लिहून मोकळे होतात.

पण आपल्या मायबोलीत या इंग्रजी काळाचा साचा तयार आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. ‘आम्ही पिढ्यानपिढ्या एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीत आलो आहोत’ हे वाक्य घ्या. ‘करीत आलो आहोत’ म्हणजेच ‘हॅव बीन मेकिंग’. काम मागे सुरू झाले आणि अजून चालू आहे. शंका आली की वाक्य मनात ‘-त आलो आहे’ असे फिरवून पाहावे. ‘शारजात काम करीत आलो आहे’ असे जुळले, की बेधडक ‘हॅव बीन वर्किंग’ लिहावे.

‘सिन्स’ची चूक मात्र मराठीच घडवते. आपण ‘२००९ पासून’ म्हणतो आणि ‘दहा वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स’, दुसऱ्याला ‘फॉर’. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, मोजलेला अवधी सांगायचा तर ‘फॉर’. दुबईची मेट्रो सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाली. म्हणून ‘द मेट्रो हॅज बीन रनिंग सिन्स २००९’.

आता दुसरा घोटाळा. अबू धाबीत सादियात बेटावर मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकाच आवारात आहेत. त्यातील सिनेगॉगला आपल्या रंबामचे, म्हणजे मोझेस बेन मैमॉनचे, नाव दिले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मराठीत ‘२०२३ साली उघडले आहे’ म्हटले तरी कानाला खटकत नाही. इंग्रजीत ‘हॅज ओपन्ड इन २०२३’ ही चूकच. साल, तारीख, काल, गेल्या वर्षी, असा सरलेला काळ वाक्यात आला की ‘हॅव’ला तेथे थारा नाही: ‘द सिनेगॉग ओपन्ड इन २०२३.’ काळ सांगितला नाही, तर मात्र ‘आय हॅव सीन द सिनेगॉग’ बरोबर.

‘हॅड’ वापरायचा तो दोन गेलेल्या गोष्टींतील आधीची दाखवण्यासाठी. २ डिसेंबर १९७१ ला सहा अमिरातींचे संघराज्य झाले. रास अल खैमा फेब्रुवारी १९७२ मध्ये सामील झाली. म्हणून ‘व्हेन रास अल खैमा जॉइन्ड, द अदर सिक्स हॅड ऑलरेडी फॉर्म्ड द युनियन.’ गोष्ट एकच असेल तर ‘हॅड’ कशाला? आपली मंडळी ‘आय हॅड गॉन टु अबू धाबी यस्टरडे’ म्हणतात, कारण मराठीत ‘काल गेलो होतो’ म्हणायची सवय. साधे ‘आय वेन्ट’ पुरे.

ओळखणे, माहीत असणे, आवडणे ही क्रियापदे ‘-इंग’ घेत नाहीत, मग मराठीत ‘ओळखत आलो आहे’ म्हणता येत असले तरी. ‘आय हॅव नोन हिम फॉर ट्वेन्टी इयर्स’ एवढेच. येथे आमचा साचा थोडा लंगडा पडतो, हे कबूल.

घरी सरावाला तीन वाक्ये. आजी सकाळपासून चपात्या लाटते आहे. आम्ही काल दुबईला पोहोचलो. काका अबू धाबीला गेले आहेत, अजून परतले नाहीत.

उत्तरे: ‘ग्रॅनी हॅज बीन रोलिंग चपातीज सिन्स मॉर्निंग.’ ‘वी रीच्ड दुबई यस्टरडे.’ ‘अंकल हॅज गॉन टु अबू धाबी, ही हॅज नॉट कम बॅक यट.’ काका जाऊन परत आले असते, तर मात्र ‘ही हॅज बीन टु अबू धाबी’.