जि. ठाणे की जि. पालघर?

चि. भाच्यास,

तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यासाठी कामगार-नोंदणीचा फॉर्म तू पीएचपीच्या सिंफनी फ्रेमवर्कमध्ये बांधतो आहेस आणि प्रत्येक रकान्याला नियम लावून झाले, असं ताई सांगत होती. तालुका यादीतला, जिल्हा यादीतला, दाखल्याची तारीख खरी. तरी काम निम्मंच झालंय.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे आठ तालुके इकडे आले. बोईसरच्या कामगाराने २००८ सालचा शाळा सोडल्याचा दाखला आणला, तर त्यावर तालुका पालघर, जिल्हा ठाणे असणार आणि ते बरोबरच आहे. २०१९च्या दाखल्यावर तीच जोडी दिसली, तर कुणाची तरी चूक झालीय. तालुका भिवंडी असेल, तर २०१४च्या आधी काय नि नंतर काय, ठाणेच. तिन्ही रकाने आपापल्या जागी निर्दोष. खोट असलीच तर तिघांच्या मेळात.

नवखा प्रोग्रॅमर हा नियम हटकून सेटरमध्ये कोंबतो: जिल्हा भरताना तारीख बघायची. पण फॉर्म एकेक रकाना भरत जातो. जिल्हा आधी आला, तर तारीख अजून रिकामीच असते. पुढे कुणी फॉर्मवर रकान्यांची जागा बदलली, की काल चालणारं आज अडतं.

म्हणून असा नियम सबंध ऑब्जेक्टवर लावायचा. सिंफनीत त्यासाठी कॉलबॅक आहे: क्लासमधलीच एक मेथड, सगळं भरून झाल्यावर बोलावली जाणारी. अट एका ओळीत मावत असेल तर एक्स्प्रेशन पुरतं. हाच तपास कंत्राटी कामगारांच्या नोंदीलाही लागणार असेल, तर स्वतःचा कन्स्ट्रेंट लिहून क्लासवर लावावा. त्याच्या व्हॅलिडेटरच्या हाती सुटी किंमत न येता अख्खा ऑब्जेक्ट येतो.

तारीखच रिकामी असेल तर कॉलबॅकने मुकाट परतावं. रिकामं चालणार नाही, हे सांगायला नॉटब्लँक बसलाय. ग्रुप सीक्वेन्स लावलास, तर पहिल्या गटातले साधे नियम पास झाल्याशिवाय दुसरा गट सुरूच होत नाही.

चूक दाखवायची कुठे, याकडे मात्र फार थोडे लोक लक्ष देतात. कॉलबॅकने नुसतं उल्लंघन नोंदवलं, की संदेश फॉर्मच्या डोक्यावर उमटतो आणि टाइम ऑफिसातला क्लार्क तिन्ही रकाने चाचपत बसतो. ॲटपाथ वापरून तो संदेश जिल्ह्याच्या रकान्यापाशी नेऊन ठेव. मजकूरही ‘अवैध माहिती’ असला सरकारी नको. ‘१ ऑगस्ट २०१४पासूनच्या दाखल्यावर पालघर तालुक्याचा जिल्हा पालघर असतो’, असं सरळ लिही. एखाद्या शाळेने त्या ऑगस्टात जुनेच छापील कागद वापरले असले, तर? तेव्हा अडवायचं की इशारा देऊन पुढे सोडायचं, हे कारखान्याच्या एचआरला विचारून ठरव. तो निर्णय प्रोग्रॅमरचा नाही.

पाळ्यांच्या फॉर्मला तर आणखी सांभाळून हात लाव. ‘सुटायची वेळ यायच्या वेळेनंतरची हवी’ हा नियम दिसायला किती शहाणा! रात्री ११ ते सकाळी ७ची तिसरी पाळी त्यात पहिल्याच रात्री अडकेल. तिथे नुसत्या वेळा पुरत नाहीत, दोन्हींसोबत तारीख लागते.

आणखी एक खाच. सिंफनीचा फॉर्म चुकीची माहितीही आधी ऑब्जेक्टमध्ये भरतो, मग तपासतो. जुनी नोंद दुरुस्त करताना तो ऑब्जेक्ट थेट डॉक्ट्रिनची एंटिटी असला आणि त्याच रिक्वेस्टमध्ये दुसऱ्याच कारणाने फ्लश झाला, तर नापास झालेली माहितीही डेटाबेसात जाते. फॉर्मसाठी वेगळा डीटीओ, म्हणजे नुसती माहिती वाहणारा साधा ऑब्जेक्ट, ठेवणं बरं. डेटाबेसातही चेक अट घालणार असशील, तर आधी आवृत्ती बघ. मायएसक्यूएल ८.०.१६च्या आधी ही अट निमूट वाचली जायची नि तशीच सोडून दिली जायची. कारखान्यातल्या जुन्या सर्व्हरवर ५.७ असलं, तर तिच्या भरवशावर राहू नकोस.

एक्सेलमधल्या जुन्या नोंदी आणशील, तेव्हा मधे फॉर्म नसतो. तिथे व्हॅलिडेटर स्वतः बोलवावा लागेल. टेस्टमध्ये बोईसरचे दोन दाखले घाल, एक ३१ जुलै २०१४चा आणि एक दुसऱ्या दिवशीचा, शिवाय त्याच दोन तारखांचे भिवंडीचेही. निकाल काय आले ते कळव.

ताईला नमस्कार.

मामा